कच्चे कैदी: शिक्षेआधीच्या तुरुंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुलाखतीच्या रांगेत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि फोनवर विचारले गेलेले आहेत. विचारणारी बहुतेक वेळा आई, बायको नाहीतर धाकटा भाऊ. काही प्रश्न ज्यांच्या घरातलं कधीच कुणी आत गेलं नाही, अशांचेही आहेत, आणि तेही ठेवले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येत असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे. स्वतःच्या केसचे कागद वकिलाला दाखवावेच लागतात.

१. “एमसीआर झाला” असं वकील म्हणाले. म्हणजे शिक्षा लागली का?

नाही. अटक झाल्यावर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. पोलिसांना आणखी तपास करायचा असेल तर पोलीस कोठडी मिळते, तिला सगळे पीसीआर म्हणतात. ती संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. माणूस ठाण्याच्या लॉकअपमधून जेलमध्ये जातो, एवढाच फरक. खटला अजून उभाही राहिलेला नसतो. अशा माणसाला कागदावर न्यायाधीन बंदी म्हणतात, बोलताना कच्चा कैदी. शिक्षा झालेला तो पक्का. उलट एमसीआर झाला की जामिनाचा अर्ज टाकायची वेळ आली, असं समजा. रडण्यात ते दोन दिवस घालवू नका.

२. जेलमध्ये असे कच्चे कैदी किती असतात?

बहुतेक जण. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची. त्यातले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: तुरुंगांची सगळी क्षमता एकट्या कच्च्या कैद्यांनीच जवळजवळ भरून टाकली आहे. पक्के कैदी ठेवायला जागा उरते ती कागदावर दोन हजारांच्या आत. मुंबईचं आर्थर रोड तर हजारापेक्षाही कमी जणांसाठीचं. तिथे तीन हजारांच्या वर माणसं असणं ही नेहमीची गोष्ट. बराकीत कुशीवर झोपायचं आणि कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून, हे आतून आलेला कुणीही सांगतो.

३. अमेरिकेत तर आपल्यापेक्षा किती तरी जास्त लोक तुरुंगात आहेत. मग आपल्याकडे एवढी ओरड कशाला?

प्रमाण पाहिलं तर खरं आहे. आपल्याकडे लाख लोकसंख्येमागे साधारण चाळीस जण आत असतात, अमेरिकेत पाचशेच्या वर. तिथला मूळ प्रश्न लांबलचक शिक्षांचा. १९७० च्या दशकानंतर अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना, तिसऱ्यांदा सापडलेल्याला, किरकोळ गुन्ह्यांनाही वर्षानुवर्षांच्या शिक्षा ठरवून टाकल्या गेल्या आणि कृष्णवर्णीय वस्त्या रिकाम्या झाल्या. आपल्याकडे शिक्षेपर्यंत गाडी पोचतच नाही. आपला तुरुंग म्हणजे एक मोठी वेटिंग रूम आहे. एक साम्य मात्र आहे. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत, हा प्रकार अमेरिकेच्या स्थानिक जेलमध्येही सर्रास चालतो.

४. गुन्हे वाढले म्हणून तुरुंग भरले ना? साधी गोष्ट आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो. गुन्हा आणि तुरुंग यांच्या मध्ये तीन दारं आहेत: अटक, जामीन आणि खटला. गर्दी या तीन दारांशी होते.

पहिलं दार अटकेचं. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात म्हटलं होतं की जवळपास ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात आणि तुरुंगांवरचा ४३.२ टक्के खर्च अशाच लोकांवर होतो. तो अहवाल जुना आहे, आणीबाणीनंतरच्या काळातला. पण २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावं लागलं: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी, ते पोलिसांनी लिहून द्यावं, नाहीतर नोटीस द्यावी. २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात तिसऱ्यांदा सांगावं लागलं. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते तेव्हा ती कुणी ऐकत नाही, हे उघड आहे.

दुसरं दार जामिनाचं, त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये सविस्तर.

तिसरं दार खटल्याचं. खालच्या न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं होतं. आज मंजूर पदं धरूनही हा आकडा त्याच्या निम्म्याच्याही आत आहे. साक्षीदार आला तर सरकारी वकील नाही, वकील आला तर न्यायाधीशांची बदली झालेली. प्रत्येक वेळी पुढची तारीख. बाहेर असलेल्या आरोपीचा तारखेला एक दिवस बुडतो. आतल्याचा महिना जातो.

५. जामीन मंजूर झाला, ऑर्डर हातात आहे. तरी दोन महिने माणूस आतच कसा?

कारण जामीन मंजूर होणं आणि जामीन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदेशात शेवटी एक ओळ असते: अमुक रकमेचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन सक्षम जामीनदार. सगळं अडतं ते त्या ओळीवर.

जामीनदार म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील याची हमी घेणारा माणूस. त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार, राहत्या जागेचा पुरावा, पगाराची पावती नाहीतर सातबारा, आणि बऱ्याच ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. आता विचार करा. बिहारहून नाहीतर मराठवाड्यातून आलेला बिगारी कामगार मुंबईत पकडला जातो. त्याची ओळखीची माणसं त्याच्यासारखीच झोपडीत भाड्याने राहणारी. कुणाच्या नावावर काही नाही. गावाकडे चुलत्याचा सातबारा आहे, तर तो जामीनदार “लोकल” नाही.

ही अडचण न्यायालयाला आज कळली असं नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गवंडी सर्वोच्च न्यायालयात गेला. मॅजिस्ट्रेटने त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी जिल्ह्याची ही अट मोडीत काढली आणि मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आज जवळपास पन्नास वर्षांनीही “जामीनदार इथलाच आणा” हे वाक्य कोर्टाच्या खिडकीवर ऐकू येतं. मग कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार उभे राहतात, खोट्या कागदांचे. त्यांच्या नादाला लागू नका. कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होतो आणि फसवणुकीची नवी केस गळ्यात पडते.

करता येण्यासारखं काय आहे? ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही निर्देश दिले, ते वकिलाला आवर्जून सांगा. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. शिवाय जामीनदार शोधायला वेळ लागणार असेल तर तोवर रोख रकमेवर तात्पुरती सुटका मागता येते. मुंबईच्या न्यायालयांत हे बरंच चालतं, पण ते मागावं लागतं.

आणि हो, मुंबईत तुरुंगाच्या दाराशी जामिनाची पेटी असते, हे खरं आहे. सुटकेचा कागद त्या पेटीत पडायला हवा आणि ती ठरलेल्या वेळीच उघडते. संध्याकाळची वेळ चुकली की आणखी एक रात्र आत.

६. जामिनाचे पैसे सरकार भरतं, असं ऐकलं. खरंय का?

खरं आहे. गरीब कैद्यांना साहाय्य करण्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. २०२३ मध्ये ती आली तेव्हा मर्यादा कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत होती. जिल्ह्याची समिती मंजुरी देते. भ्रष्टाचार प्रतिबंध, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (दहशतवादविरोधी) या कायद्यांखालच्या केसना मिळत नाही. अर्ज तुरुंगातून किंवा विधी सेवा प्राधिकरणातून जातो. योजना चांगली आहे, पण ती पैशाची अडचण सोडवते, ओळखीच्या माणसाची नाही. जिथे कोर्ट रोख रक्कम न घेता जामीनदारच मागतं, तिथे हे पैसे काय करणार? तेव्हा आधी रोख जामिनाचा आदेश मिळवा, मग योजनेकडे जा.

७. किरकोळ गुन्हा होता, पोलिसांनीच सांगितलं जामीनपात्र आहे. तरी आत का?

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, न्यायाधीशाची मर्जी नव्हे. अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असं गृहीत धरून जातमुचलक्यावर सोडावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्येच आहे. आठवडा उलटला असेल तर वकिलाला हे कलम दाखवून अर्ज करायला सांगा. वकील नसेल तर प्रश्न १४ पाहा.

८. तुरुंगात पारधी, दलित, मुसलमान जास्त का दिसतात? तेच गुन्हे जास्त करतात म्हणून?

२०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के होत्या, मुस्लिम १४.२ टक्के. २०२२ च्या तुरुंग अहवालात कच्च्या कैद्यांमध्ये अनुसूचित जातींचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास आणि मुस्लिमांचं त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा चांगलंच जास्त. याचं उत्तर “तेच गुन्हे करतात” असं देणाऱ्याला एवढंच विचारावं: हा आकडा गुन्ह्यांचा आहे की जामीन न मिळालेल्यांचा? कच्चा कैदी म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेला. त्यामुळे हा आकडा सर्वात आधी काय सांगतो, तर कुणाला पकडणं सोपं आहे आणि कुणाकडे जामीनदार नाही.

पारध्यांची गोष्ट आणखी जुनी. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या वस्तीला अजूनही सेटलमेंटच म्हणतात. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की पालावर गाडी जाते ती सवय गेली नाही. ज्याचा पत्ताच पाल आहे त्याला “कायमचा पत्ता द्या, मग जामीन” असं सांगणं म्हणजे जामीन नाही असंच सांगणं.

तुरुंगाच्या आतही हे होतंच. कोणत्या जातीने स्वयंपाक करायचा आणि कुणी संडास साफ करायचे, हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत सरळ लिहिलेलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी.

९. आत गेलेल्याचं जाऊ द्या. घरच्यांनी काय करायचं?

हा प्रश्न एका बाईने विचारला तेव्हा तिच्या हातात टोकन होतं आणि पदराला तीन वर्षांची पोर. या प्रश्नाला कायद्याचं उत्तर नाही. काय काय होतं ते सांगता येईल.

पहिल्या महिन्यात घरातली कमाई थांबते आणि खर्च वाढतो. वकिलाची फी, झेरॉक्स, स्टँप, मुलाखतीला जायचं भाडं. तालुक्याच्या दुय्यम कारागृहातून मध्यवर्ती कारागृहात हलवलं की हे भाडं दुपटीतिपटीने वाढतं. शेळ्या विकल्या जातात, मंगळसूत्र सावकाराकडे जातं. आतल्या माणसालाही मनीऑर्डर लागते, कारण साबण, तेल, बिस्किटं कॅन्टीनमधून विकत घ्यायची असतात. इथे एक विचित्र गोष्ट आहे. पक्क्या कैद्याला आत काम असतं आणि त्याची थोडी का होईना मजुरी मिळते. कच्च्या कैद्याला सक्तीचं काम नाही, म्हणून सहसा मजुरीही नाही. तो नुसता बसून असतो आणि घरावर बसून असतो.

रजेचंही तसंच. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) पक्क्या कैद्यासाठी. कच्च्या कैद्याचा बाप वारला तर कोर्टातून तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात जायची परवानगी मिळवावी लागते. ती येईपर्यंत दहावा उरकलेला असतो. गुन्हा सिद्ध झालेल्याला जे मिळतं ते सिद्ध न झालेल्याला मिळत नाही. हे ज्याला पटवून सांगता येईल त्याने मलाही सांगावं.

त्यानंतरचे खर्च कुठल्या पावतीवर येत नाहीत. मोठा मुलगा शाळा सोडून गॅरेजला लागतो. घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. मुलीच्या सोयरिकीत “यांचे वडील कुठे असतात?” हा प्रश्न येतो. कामावर सहा महिन्यांनी परत गेलेल्याची जागा भरलेली असते. मोलमजुरी करणाऱ्याला निर्दोष सुटल्याचा निकाल मुकादमाला दाखवता येत नाही. मुकादम तो वाचत नाही.

आणि काही जण परत येतच नाहीत. २०२२ या एका वर्षात देशातल्या तुरुंगांत १,९९५ कैद्यांचा मृत्यू झाला, त्यातल्या ११९ आत्महत्या.

१०. आईबरोबर मूल आत ठेवता येतं का?

सहा वर्षांचं होईपर्यंत. त्याचा आहार, पाळणाघर, शिक्षण कसं हवं हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या आर. डी. उपाध्याय खटल्यात सविस्तर सांगितलं आहे. २०२२ च्या अखेरीस १,५३७ बाया १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. जामिनाच्या अर्जात मुलाचा उल्लेख जरूर करा. गंभीर गुन्ह्यातही स्त्री, आजारी किंवा अशक्त व्यक्ती असेल तर न्यायालय सवलत देऊ शकतं.

११. पोलिसांनी अजून चार्जशीटच टाकलेली नाही. किती दिवस ठेवू शकतात?

फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. त्या मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. पण आपोआप नाही, अर्ज करावा लागतो, आणि आरोपपत्र यायच्या आधी करावा लागतो. ६१ व्या दिवशी सकाळी अर्ज नाही आणि दुपारी आरोपपत्र आलं, तर हक्क गेला. दिवस मोजायचे ते पहिल्यांदा कोर्टात हजर केलेल्या तारखेपासून. घरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा), यूएपीए, अमली पदार्थांच्या काही कलमांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत, कधी त्याहूनही पुढे जाते.

१२. “एक तृतीयांश शिक्षा आत काढली की सोडतात” हे खरं का?

अर्धं खरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं. इतरांसाठी निम्मा काळ. उदाहरणार्थ साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिलटकराला एक वर्ष. राहत्या घरातल्या चोरीसारख्या सात वर्षांच्या गुन्ह्यात दोन वर्षं चार महिने. मुदत भरली की अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकाची आहे. केस जुन्या कायद्याच्या काळातली असली तरी हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

आता मेख. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना हे कलम नाही. खून, दरोडा, बलात्काराची बरीच कलमं तिथेच बाद. आणि एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा केसेस प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. यात फार लोक अडकतात, कारण एकदा पोलिसांच्या यादीत नाव चढलं की आणखी दोन उघड न झालेल्या चोऱ्या त्याच नावावर टाकल्या जातात. ‘पहिल्यांदाच’ म्हणजे पूर्वी शिक्षा न झालेला, नुसती केस झालेला नव्हे, हेही लक्षात ठेवा. एकाच एफआयआरमधली दोन-चार कलमं म्हणजे “एकापेक्षा जास्त गुन्हे” का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतात, तेव्हा आपल्या वकिलाने भांडायला हवं.

मुदतीचा हा विचार १९७९ च्या हुसैनआरा खातून खटल्यापासूनचा. बिहारच्या तुरुंगांत अशी माणसं सापडली होती की ज्यांनी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ खटल्याविना काढला होता. वकील कपिला हिंगोरानी यांनी वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून याचिका केली आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तरी २०२२ च्या अखेरीस पाच वर्षांहून जास्त काळ आत असलेले कच्चे कैदी ११,४४८ होते.

१३. पोरगा म्हणतो, गुन्हा कबूल करून टाकतो, आजच सुटतो. करू द्यावं का?

घाई करू देऊ नका. हिशेब त्याचा बरोबर असतो: चोरीचे चौदा महिने आत काढलेत, कबूल केलं तर न्यायाधीश “भोगली तेवढी शिक्षा” देतील, कारण कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात. संध्याकाळी घरी. खटला लढला तर आणखी दोन वर्षं. मी त्याच्या जागी असतो तर मलाही मोह झाला असता.

पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. तिची नोंद राहते. सरकारी नोकरी, पासपोर्ट, परवाना, सगळीकडे ती आडवी येते. पुढे पुन्हा कधी पकडला गेला, खोट्या केसमध्येही, तर तो ‘पहिल्यांदाच’ राहत नाही आणि प्रश्न १२ मधली एक तृतीयांशाची सवलत जाते. अशा कबुल्या नंतर ‘दोषसिद्धीचं प्रमाण वाढलं’ या आकड्यात मिरवतात, तो भाग वेगळा. आधी मुदतीचा जामीन बसतो का ते तपासा, जामिनाची अट सैल करून घ्या, आणि तरीही कबूल करायचं असेल तर वकिलाने परिणाम समजावून दिल्यावरच.

१४. फुकटचा वकील म्हणजे तारीख घेणारा वकील ना?

पूर्वी बऱ्याच अंशी तसं होतं, खोटं कशाला बोला. आता बहुतेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पगारी आणि फक्त याच कामाला नेमलेले असतात. कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन करायचा तर १५१००. वकील तुरुंगात येऊन भेटला नाही, केसबद्दल काही सांगत नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाकडे लेखी तक्रार करा. सरकारी वकील वेगळा. तो आरोपीच्या विरुद्ध उभा असतो. या दोघांची गल्लत होऊन आपल्याच मुलाची माहिती सरकारी वकिलाला जाऊन सांगणारी माणसं भेटली आहेत.

१५. तारखेला कोर्टात नेतच नाहीत. “गार्ड मिळाला नाही” म्हणतात.

पोलीस बंदोबस्ताला गेले, गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, की गार्ड नसतो. कोठडी वाढवायची तर आता व्हिडिओवरून हजर करता येतं, त्यामुळे “हजर” असा शिक्का पडतो. पण दोन मिनिटांच्या त्या पडद्यावर वकिलाशी बोलता येत नाही, अंगावरचा वळ दाखवता येत नाही, आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या आईला पोराचं तोंड दिसत नाही. साक्ष चालू असताना आरोपी प्रत्यक्ष हवा असेल तर वकिलाने तसा अर्ज द्यावा आणि न आणल्याची नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत) घ्यायला लावावी. उशीर आरोपीमुळे झाला नाही, हे पुढे जामिनात कामी येतं.

१६. मोक्का, यूएपीए, एमपीडीए लागलं तर हे सगळं लागू होतं का?

मोक्का, यूएपीए, अमली पदार्थ आणि मनी लाँडरिंगच्या कायद्यांत जामिनाचा नियमच उलटा आहे: आरोपी दोषी नाही असं, यूएपीएत आरोप प्रथमदर्शनी खरा नाही असं, न्यायालयाला आधी वाटावं लागतं, मग जामीन. तरीही खटला वर्षानुवर्षं रखडला तर घटनेच्या आधारे जामीन देता येतो, असं के. ए. नजीब प्रकरणात २०२१ मध्ये ठरलं. एमपीडीए, म्हणजे धोकादायक ठरवलेल्यांना आधीच अडकवून ठेवण्याचा महाराष्ट्राचा कायदा, हा वेगळा प्राणी. त्यात खटला नसतोच, स्थानबद्धता असते, जास्तीत जास्त एक वर्ष. तो माणूस कच्चाही नाही, पक्काही नाही. त्याच्यासाठी जामीन अर्ज नव्हे, सल्लागार मंडळ आणि उच्च न्यायालयातली याचिका.

१७. आरोपीची एवढी काळजी. ज्याचं घर फुटलं त्याचं काय?

प्रश्न रास्त आहे. पण सांगा, तुमच्या घरी चोरी करणारा म्हणून पकडलेला माणूस तीन वर्षं खटल्याविना आत बसला तर तुमचे दागिने परत आले का? साक्षीदार विसरले, तपास अधिकारी बदलून गेला आणि शेवटी पुराव्याअभावी सुटला. खटला रखडतो तेव्हा फिर्यादीलाही न्याय मिळत नाही. जिथे साक्षीदारांना खरंच धमकी आहे तिथे जामीन नाकारायला कायद्यात पुरेशी जागा आहे, आणि अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये तर जामिनाच्या वेळी आपलं म्हणणं मांडायचा पीडिताला हक्कच आहे. तो बजावा.

१८. नवीन मोठे तुरुंग बांधले की प्रश्न सुटेल?

नवीन तुरुंगही भरेल. प्रश्न ४ मधली तीन दारं तशीच राहिली तर खोल्या वाढवून गर्दी काही काळ पांगते, एवढंच. करोनाच्या वेळी २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने राज्याराज्यांत समित्या बसल्या आणि हजारो कच्चे कैदी सोडले गेले. त्यावेळी एकही भिंत बांधावी लागली नव्हती.

१९. जामीन न मिळालेल्याला मतदान करता येतं का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याने तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्या कुणालाही मतदान करता येत नाही, मग तो कच्चा असो की पक्का. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धाचा (प्रश्न १६). जामिनावर बाहेर असलेला मात्र खुशाल मत देतो. आणि कच्चा कैदी आतून निवडणूक लढवू शकतो, निवडूनही येऊ शकतो. फक्त स्वतःला मत देऊ शकत नाही.

२०. सात वर्षांनी निर्दोष सुटला. भरपाई मिळते का?

ठरलेला असा हक्क नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा करायला सांगितलं, तो झालेला नाही. विनाकारण अटक करवली म्हणून मॅजिस्ट्रेट भरपाई देऊ शकतो, पण तिची कमाल मर्यादा आहे एक हजार रुपये. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या आधारे मागता येते. बिहारचा रुदुल शाह निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षं तुरुंगातच होता. १९८३ मध्ये त्याला सगळे मिळून पस्तीस हजार रुपये मिळाले. अशी याचिका करायची असेल तर निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत, तुरुंगात दाखल झाल्याची व सुटल्याची तारीख असलेला अधीक्षकांचा दाखला, आणि सगळे रोजनामे काढून ठेवा. रोजनाम्यांसाठी लगेच अर्ज करा. जुने कागद रेकॉर्ड रूममधून नष्ट केले जातात.